बर्लिनची तुलना दिल्लीशी नको

जर्मनीतल्या बर्लिन, हांबुर्ग आणि ब्रेमेन या शहरांना कुणीतरी 'दिल्लीसारखे केंद्रशासित प्रदेश' म्हटलंय, ते मला अजिबात पटलं नाही. ही तिन्ही शहरं पूर्ण राज्यं आहेत. दिल्लीचे पोलीस केंद्राच्या हाताखाली. बर्लिनमध्ये पोलीस, शाळा, विद्यापीठं सगळं तिथल्याच सरकारकडे. हांबुर्गचा महापौर हाच मुख्यमंत्री, आणि राज्यांच्या सभागृहात, म्हणजे बुंडेसराटमध्ये, हांबुर्गची स्वतःची ३ मतं.

ब्रेमेन नकाशात जरूर बघा. राज्य एक, शहरं दोन: ब्रेमेन आणि वेझर नदीच्या मुखाशी ब्रेमरहाफेन बंदर. मधला पट्टा लोअर सॅक्सनी या दुसऱ्याच राज्याचा!

राज्याचा हा दर्जा जाऊही शकतो. उत्तर जर्मनीतल्या ल्युबेक शहराचा दर्जा १९३७ साली नाझींनी काढून घेतला. युद्धानंतर तो परत मिळावा म्हणून ल्युबेककर झगडले, पण १९५६ साली घटना न्यायालयाचा निकाल विरुद्ध गेला. मला तो अन्यायच वाटतो.

अशी शहर-राज्यं शेजारच्या राज्यात विलीन करावीत का, असा प्रश्न पडला, तर १९९६ चं सार्वमत आठवा. बर्लिनकरांनी ब्रांडेनबुर्ग या शेजारच्या राज्यासोबत एक व्हायला निसटता होकार दिला, ब्रांडेनबुर्गने मात्र साफ नकार दिला. राजधानीच्या कर्जाचा बोजा आणि वरचष्मा दोन्ही त्यांना नको होते.