गुळवेल रोज घ्यावी का? परंपरेचा आधार नेमका कशाला आहे?

धागाकर्ता

कोविडच्या साथीपासून गुळवेलीचा काढा, रस किंवा गोळ्या प्रतिकारशक्तीसाठी वर्षभर घेण्याची सवय अनेकांना लागली आहे. माझे स्पष्ट मत असे, की गुळवेल हे औषध आहे, रोजचे पेय नव्हे. जीर्णज्वर (जुना, रेंगाळणारा ताप), वातरक्त (सांधे सुजून दुखण्याचा विकार), प्रमेह (मधुमेहासारखे मूत्रविकार) अशा विकारांत वैद्य ती रोग्याची प्रकृती पाहून, ठरावीक मात्रेत आणि ठरावीक काळापुरती देत आले. २०२१ मध्ये मुंबईतील डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या ६ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली आणि पुढच्या वर्षी देशातील १३ केंद्रांतून अशाच ४३ रुग्णांची माहिती पुढे आली. त्यांपैकी अनेकांमध्ये शरीराची प्रतिकारयंत्रणाच यकृतावर उलटल्याची लक्षणे होती. जिची ख्यातीच प्रतिकारशक्तीला चालना देण्याची आहे, तिच्याबाबत ही शक्यता गांभीर्याने घ्यायला हवी.

प्रतिसाद १

आपली काळजी समजते, पण निष्कर्ष पटत नाही. मुंबईच्या नोंदीवर आयुष मंत्रालयाने तेव्हाच आक्षेप घेतला होता, की रुग्णांनी घेतलेली वनस्पती गुळवेलच होती याची नीट खातरजमा झालेली नाही आणि तिच्यासारखी दिसणारी, त्याच कुळातली टिनोस्पोरा क्रिस्पा ही दुसरी वेल घेतली गेली असण्याची शक्यता आहे. शिवाय परंपरा केवळ रोग्यांपुरती नाही. चरकसंहिता या आयुर्वेदाच्या प्राचीन ग्रंथात मेध्य रसायनांमध्ये, म्हणजे बुद्धीला पोषक अशा बलवर्धक औषधांमध्ये, मंडूकपर्णी, ज्येष्ठमध आणि शंखपुष्पी यांच्या बरोबरीने गुडूचीचा, म्हणजे गुळवेलीचाच, रस सांगितलेला आहे, आणि रसायन हे निरोगी माणसासाठीही असते. ज्या वेलीला पूर्वजांनी 'अमृता' म्हटले आणि कावीळ झालेल्यालाही दिली, तिला यकृताची वैरीण ठरवणे अन्यायाचे आहे.

धागाकर्ता

रसायनाचा मुद्दा मान्य, पण तो अर्धाच सांगितला गेला. रसायनापूर्वी शोधन (शरीराची शुद्धी) करावे, अग्नी (पचनशक्ती) आणि बल पाहावे, हेही त्याच शास्त्रात आहे. बाटलीतला रस घेणाऱ्यांपैकी किती जण हे पाहतात? आणि चुकीची वेल पोटात गेली असेल, तर माझा आग्रह अधिकच पक्का होतो, कारण ग्राहकाला ती ओळखता येत नाही.

प्रतिसाद २

मी स्वतः रानातून गुळवेल आणून सत्त्व काढतो, म्हणून वेल कशी ओळखावी याविषयी थोडे लिहितो. गुळवेलीचे पान हृदयाच्या आकाराचे व गुळगुळीत असते, खोडावरची पातळ साल पापुद्र्यासारखी सुटते, आणि आडवा काप घेतला की चाकाच्या आऱ्यांसारखी रचना दिसते. क्रिस्पाच्या खोडावर मात्र ठळक गाठी असतात. सत्त्वासाठी अंगठ्याएवढी जाड खोडे ठेचून पाण्यात रात्रभर भिजवतात, कुस्करून गाळतात आणि तळाशी बसलेला पांढरा साका वाळवतात. हा साका बहुतांशी पिष्टमय असतो. वेलीचा कडूपणा बराचसा वरच्या पाण्याबरोबर ओतला जातो. त्यामुळे सत्त्व, काढा आणि ताजा रस यांना एकच 'गुळवेल' समजून मात्रा ठरवणे मुळातच चूक आहे, आणि या चर्चेतही कोण कशाविषयी बोलत आहे हे आधी स्पष्ट व्हावे.

प्रतिसाद १

हा भेद माझ्या लक्षात आला नव्हता. चरकाचा दाखला रसाचा असला, तरी माझ्या मनात सत्त्व होते आणि त्याबाबत माझे मत कायम आहे. वर्षभर रस पिण्याचे समर्थन मात्र मी करणार नाही. ज्यांना यकृताचा किंवा स्वयंप्रतिकारक (प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा) विकार आधीपासून आहे, त्यांनी कोणत्याही रूपात गुळवेल घेण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे, हेही मान्य आहे.