वाळलेल्या खोडाच्या चकतीला चीर पडली: दोष लाकडाचा की माझा?

वलयवेडा (प्रश्न)
वादळात उन्मळून पडलेल्या एका जुन्या झाडाच्या खोडाची सुमारे ४ इंच जाडीची चकती मी ८ महिन्यांपूर्वी करवतून घेतली. तेव्हा ती अखंड होती. आता मात्र सालीपासून मध्यापर्यंत पाचरीसारखी चीर पडली आहे. मधला भाग गडद तपकिरी असून कडेचा फिकट आहे, आणि वलयांचे केंद्र मध्यभागी नसून एका बाजूला सरकलेले आहे. झाड रोगट होते का, की वाळवताना माझे काही चुकले? वलयांचे सौंदर्य टिकवून हिचा काही उपयोग करता येईल का?

रंधा
ही चीर म्हणजे लाकडाचा स्वभाव आहे. ओले लाकूड वाळताना सर्व दिशांनी सारखे आकसत नाही. वलयांच्या कडेने ते जेवढे आकसते, त्याच्या सुमारे निम्मेच गाभ्याकडून सालीकडे आकसते, आणि खोडाच्या लांबीच्या दिशेने तर जवळजवळ नाहीच. त्यामुळे चकतीचा परीघ लहान होऊ पाहतो, त्रिज्या मात्र त्या प्रमाणात घटत नाही, आणि हा ताण असह्य झाला की लाकूड एका जागी उकलते. फळ्या कापतानाही हेच ध्यानात ठेवावे लागते: वलयांना काटकोनात चिरलेली फळी कमी वाकते, शिवाय ओकसारख्या लाकडात तिच्यावर आडव्या किरणांची (म्हणजे गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या पेशींच्या पट्ट्यांची) अशी झळाळी उमटते की तिला रंग फासणे मला तरी अपराध वाटतो.

सालीआड
गडद रंग रोगाचा असेलच असे नाही. पाणी वाहून नेण्याचे काम बाहेरच्या फिकट थराकडे असते. आतल्या जुन्या पेशी मृत होऊन त्यांत निरनिराळी रसायने साठतात, आणि पुष्कळ जातींत त्यांमुळेच रंग आणि किडीला तोंड देण्याची ताकद येते. केंद्र सरकलेले असण्याचे सर्वांत संभवनीय कारण म्हणजे झाड कललेले असावे. रुंदपर्णी झाडे कललेल्या खोडाच्या वरच्या बाजूला जास्त लाकूड घालून स्वतःला ओढून धरतात, तर सूचिपर्णी झाडे खालच्या बाजूला घालून तोल उचलून धरतात. आपल्याला जी नक्षी भासते, ती त्या झाडाच्या तोल सावरण्याची नोंद आहे.

गाठीचे लाकूड
उपयोगाचे म्हणाल तर जड लाकूड तेच उत्तम, हा नेहमीचा समज आधी सोडावा. लिग्नम व्हिटी पाण्यात बुडते आणि त्याच्या अंगच्या राळेमुळे त्याला वंगण लागत नाही, म्हणून जहाजांच्या पंख्याच्या दांड्याचे बेअरिंग त्याचे करत. उलट व्हायोलिनची वरची फळी हलक्या, ताठ स्प्रूसची असते. हातोड्याच्या दांड्याला धक्का सोसणारा ॲश लागतो, क्रिकेटच्या बॅटला विलो. गंमत म्हणजे वनस्पतिशास्त्राच्या वर्गवारीत अतिहलका बाल्साही ‘कठीण लाकडां’तच, म्हणजे रुंदपर्णी झाडांच्या लाकडांत, मोडतो!

ढोली
उपयोगाची चर्चा चालू आहे म्हणून एक आक्षेप नोंदवतो. झाडाचे जिवंत, वाढणारे थर सालीलगत असतात, त्यामुळे गाभा कुजून पोकळ झालेले झाडही अनेक वर्षे जगते, आणि त्या ढोलीत घुबडे व पोपट घर करतात. त्या पडलेल्या खोडाचा उरलेला भाग शक्य असल्यास जागेवरच राहू द्यावा. बुरशी, भुंगेरे आणि माती यांचाही त्यावर हक्क आहे.

वलयवेडा
आभार. उरलेले खोड तसेच ठेवतो. चीर भरून काढावी का, आणि जवसाचे तेल आताच लावावे का?

रंधा
भरू नये, कारण ऋतूनुसार ती थोडी उघडत-मिटत राहील. फार वाढण्याची भीती वाटल्यास डमरूच्या आकाराचा लाकडी तुकडा चिरेवर आडवा बसवावा. फळी उघड्या हवेत वाळायला इंचाला एक वर्ष, असा जुना ठोकताळा आहे. चकती आडव्या छेदातून त्याहून लवकर वाळते, तरी दर महिन्याला वजन करावे आणि ते घटायचे थांबल्यावरच तेलाचा हात द्यावा.