मदत हवी आहे : तोब्रुकमध्ये कैद झालेल्या मराठा पलटणीतील आजोबांच्या नोंदी कुठे मिळतील?

माझे आजोबा (वडिलांचे वडील) दुसऱ्या महायुद्धात तेव्हाच्या पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीत शिपाई होते. आमचे गाव पलूस तालुक्यात, कृष्णाकाठी आहे. २०१९ च्या महापुरात खालच्या खोलीतील ट्रंकेत असलेल्या त्यांच्या डिस्चार्ज बुकाचा लगदा झाला. पदके माडीवर होती म्हणून वाचली. १९४२ ते १९४५ या काळात ते कुठे होते हे कागदोपत्री जाणून घ्यायचे आहे, आणि त्यासाठी कोणाकडे कसा अर्ज करावा याचे मार्गदर्शन हवे आहे.

पदके तीन आहेत : १९३९-४५ स्टार, आफ्रिका स्टार आणि वॉर मेडल. त्यांवर क्रमांक, हुद्दा, नाव आणि रेजिमेंट कोरलेली आहे, बटालियन मात्र नाही. आजी त्यांच्या पलटणीला ‘काळी पाचवी’ म्हणत असे, आणि जुन्या १०५ व्या मराठा पलटणीची, म्हणजे १९२२ नंतरच्या दुसऱ्या बटालियनची, ओळख ‘काली पांचवीन’ अशीच आहे. ही बटालियन जून १९४२ मध्ये उत्तर आफ्रिकेतील (लिबियातील) तोब्रुकच्या आग्नेय बाजूच्या मोर्चावर होती. २० जूनला जर्मन सेनानी रोमेलचा मुख्य हल्ला तिच्याच आघाडीवर आला आणि दुसऱ्या दिवशी तोब्रुक पडून तीस हजारांहून अधिक सैनिक कैद झाले. जून १९४३ नंतरच्या मोहिमेसाठी दिला जाणारा इटली स्टार आजोबांकडे नाही. ते पहिल्या किंवा तिसऱ्या बटालियनमध्ये असते, तर तो मिळण्याची शक्यता बरीच होती, कारण त्या दोन्ही इटलीत लढल्या. म्हणून ते तोब्रुकलाच पकडले गेले असावेत असे मला वाटते, परंतु हा तर्क आहे, पुरावा नव्हे.

त्यापुढचा भाग अधिक धूसर आहे. आजोबा बर्फ पडणाऱ्या छावणीविषयी बोलत, आणि इटलीत अवेझानो येथील ९१ क्रमांकाची छावणी प्रामुख्याने भारतीय कैद्यांची होती. सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीने शरणागती पत्करल्यावर काही कैदी डोंगरांत पळाले, तर अनेकांना जर्मनीत नेण्यात आले. फ्रान्समधील एपिनाल येथे ठेवलेल्यांपैकी कित्येक जण ११ मे १९४४ च्या बॉम्बहल्ल्यानंतर निसटून स्वित्झर्लंडला पोहोचले. बर्फ यांपैकी कुठेही पडत असेल, त्यामुळे एवढ्यावरून काही ठरत नाही. आमच्या भावकीतील एक ज्येष्ठ ठामपणे सांगतात की आजोबा जर्मनीत नेताजींच्या फौजेत गेले होते. या फौजेत सुमारे तीन हजार जण होते आणि बहुसंख्य भारतीय कैदी तिच्यात सामील झाले नव्हते, म्हणून नोंद मिळाल्याखेरीज मी ते मान्य करणार नाही. अभिमान वेगळा आणि नोंद वेगळी.

आजीला राज्य शासनाचे दुसऱ्या महायुद्धातील सैनिकांच्या विधवांसाठीचे मासिक अनुदान मिळत होते. त्या अर्जासोबत डिस्चार्जची प्रत जोडलेली असणार, त्यामुळे सांगलीच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातील जुन्या फाइलपासून सुरुवात करावी असे मी ठरवले आहे. अशी फाइल वारसाला पाहू देतात का, आणि त्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज योग्य ठरतो की साधा विनंती अर्ज पुरतो?

बेळगाव येथील मराठा लाइट इन्फंट्रीच्या रेजिमेंटल सेंटरकडे स्वातंत्र्यपूर्व काळातील शिपायांच्या सेवापत्रकांविषयी कोणी विचारणा केली आहे का? नातवाला नाते सिद्ध करण्यासाठी कोणती कागदपत्रे मागतात? पत्रव्यवहारात गावाचा जिल्हा ‘सातारा’ असा लिहावा लागेल, हे मला उशिरा सुचले. दक्षिण सातारा जिल्हा १९४९ मध्ये वेगळा झाला आणि त्याला सांगली हे नाव १९६० मध्ये मिळाले, त्यामुळे भरतीच्या कागदांत ‘सांगली’ शोधणे व्यर्थ आहे.

बटालियनची युद्धदैनंदिनी लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात मध्यपूर्वेच्या मालिकेत, म्हणजे ‘डब्ल्यूओ १६९’ मध्ये, असावी. पण अशा दैनंदिनीत सामान्य शिपायाचे नाव क्वचितच येते, आणि कैद झाल्यानंतरच्या काळासाठी तिचा उपयोग नाही. माझी खरी भिस्त जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय रेड क्रॉसच्या कैदी-नोंदींवर आहे. तेथे दुसऱ्या महायुद्धातील कैद्यांविषयीचे अर्ज ठरावीक काळापुरतेच आणि मर्यादित संख्येने स्वीकारतात. भारतीय शिपायासाठी कोणी असा अर्ज केला असल्यास, नावाचे इंग्रजी स्पेलिंग पदकावर आहे तसेच द्यावे की पर्यायी स्पेलिंगही लिहावीत, आणि क्रमांकावरून शोध घेतात का, हे कृपया सांगावे. आजोबांचे नाव आणि क्रमांक मी येथे देत नाही. जाणकारांना खासगी निरोपातून कळवीन.