एरिया ५१ : तळ खरा निघाला, मग परग्रहवासीयांची कथा खोटी कशावरून?

जिज्ञासा_प यांचा प्रश्न

नमस्कार. मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. अकरावीच्या एका विद्यार्थ्याने वर्गात मांडलेला युक्तिवाद येथे जसाच्या तसा देते. त्याचे म्हणणे असे की, अमेरिकेतील नेवाडा राज्यातला एरिया ५१ हा लष्करी तळ अस्तित्वातच नाही, अशी भूमिका तिथल्या सरकारने अनेक दशके घेतली. २०१३ मध्ये कागदपत्रे खुली झाली आणि तळ खरा असल्याचे सरकारलाच मान्य करावे लागले. ज्यांना सगळे जग भ्रमिष्ट समजत होते त्यांचे म्हणणे एका बाबतीत खरे ठरले असेल, तर १९४७ मध्ये न्यू मेक्सिको राज्यातील रॉसवेल येथे कोसळलेले यान तिथे ठेवले आहे, किंवा बॉब लझार यांनी तिथे परग्रहावरील यानांवर काम केले, हे त्यांचे उरलेले म्हणणे आपण कोणत्या आधारावर नाकारतो? लडाखमधील कोंगका खिंडीखाली असाच तळ असल्याचेही त्याने कुठेतरी वाचले आहे.

मुलगा हुशार आहे आणि त्याच्या बोलण्यात तर्काचा धागा आहे. 'असल्या गोष्टींवर विश्वास ठेवू नये' एवढे सांगून त्याची बोळवण करणे मला पटत नाही. या विषयाचा नीट अभ्यास असलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

गगनवेध

आपल्या विद्यार्थ्याच्या युक्तिवादातील पहिले विधान थोडे दुरुस्त करून घ्यायला हवे, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. २०१३ च्या ऑगस्टमध्ये जे घडले ते असे: जेफ्री रिचेल्सन या संशोधकाने माहितीच्या स्वातंत्र्याच्या कायद्याखाली केलेल्या अर्जावरून सीआयए या अमेरिकी गुप्तचर संस्थेने यू-२ या हेरविमानाच्या प्रकल्पाचा स्वतःचाच अंतर्गत इतिहास जवळजवळ अखंड स्वरूपात खुला केला आणि त्यात 'एरिया ५१' हे नाव व त्याचा नकाशा प्रथमच न खोडता छापला गेला. मात्र ग्रूम लेक या कोरड्या सरोवराजवळ हवाई दलाचे एक 'कार्यस्थळ' आहे, एवढे सरकारने १९९० च्या दशकातच मान्य केले होते. तळ आहे की नाही हा वाद त्यामुळे तेव्हाच मिटला होता. तिथे काय चालते, एवढेच झाकलेले होते.

तिथे काय चालत होते, हे आता बऱ्याच तपशिलाने ज्ञात आहे. सोव्हिएत संघाच्या आकाशात अतिउंचावरून जाऊन छायाचित्रे घेणारे विमान बनवण्याचे काम सीआयएने लॉकहीड कंपनीच्या केली जॉन्सन यांच्याकडे दिले होते. त्याच्या चाचण्यांसाठी लोकवस्तीपासून दूर असलेली सपाट जागा हवी होती. १९५५ च्या एप्रिलमध्ये जॉन्सन, सीआयएचे रिचर्ड बिसेल आणि चाचणी वैमानिक टोनी लव्हियर यांनी विमानातून ग्रूम लेकचे कोरडे पात्र पाहिले. लास व्हेगासपासून ही जागा सुमारे १३५ किलोमीटरवर आहे. शेजारीच अणुचाचण्यांचे क्षेत्र असल्यामुळे तिकडे फिरकायला लोकांना आधीच मनाई होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये यू-२ ने तिथून पहिले उड्डाण केले.

आता आपण भौतिकशास्त्राच्या शिक्षिका आहात म्हणून ही गोष्ट मुद्दाम सविस्तर लिहितो, कारण ती वर्गात फळ्यावर काढून दाखवता येण्यासारखी आहे. त्या काळी प्रवासी विमाने साधारण १० ते २० हजार फुटांवरून उडत, तर यू-२ साठ हजार फुटांच्याही वर जात असे. इतक्या उंचीवर विमान उडू शकते, याची सामान्य माणसालाच काय, प्रवासी विमानाच्या वैमानिकालाही कल्पना नव्हती. संध्याकाळी जमिनीवर आणि २० हजार फुटांवर सूर्य मावळलेला असे, पण साठ हजार फुटांवर तो अजून क्षितिजावर असे. सुरुवातीची यू-२ विमाने रंग न दिलेली, चंदेरी होती. त्यांच्या लांब पंखांवरून परावर्तित झालेला प्रकाश खालून पाहणाऱ्याला अंधारलेल्या आकाशात पेटलेल्या वस्तूसारखा दिसे. अशा नोंदी हवाई दलाच्या 'प्रोजेक्ट ब्लू बुक' या चौकशी विभागाकडे येत. तेथील अधिकारी त्या नोंदी यू-२ च्या उड्डाणांशी गुपचूप ताडून पाहत आणि उलगडा झाला तरी पत्र पाठवणाऱ्याला खरे कारण सांगू शकत नसत. साक्षीदाराने खरोखर काही पाहिलेले असे, सरकार खरोखर काही लपवत असे, आणि तरीही त्या वस्तूचा परग्रहाशी काही संबंध नसे.

पुढे १९६२ मध्ये याच तळावरून ए-१२ हे हेरविमान उडाले. त्याचा वेग ध्वनीच्या तिपटीहून अधिक होता आणि सांगाडा बहुतांशी टायटॅनियमचा होता. सोव्हिएत उपग्रह डोक्यावरून जाण्याची वेळ झाली की गुप्त विमाने हँगरमध्ये ओढून नेली जात. रडारला चकवणाऱ्या एफ-११७ ने १९८१ मध्ये पहिले उड्डाण केले, तर त्याचे अस्तित्व जाहीर झाले ते १९८८ च्या नोव्हेंबरमध्ये. म्हणजे आपल्या विद्यार्थ्याच्या जन्माच्या कितीतरी आधी सात वर्षे एक विचित्र, कोनाकोनांचे काळे विमान नेवाडाच्या रात्री उडत होते आणि ते पाहणाऱ्याला 'असे काही नाही' हेच उत्तर मिळत होते.

रॉसवेलबद्दल थोडक्यात. ती घटना १९४७ च्या जुलैमधली, म्हणजे ग्रूम लेकचा तळ उभा राहण्याच्या आठ वर्षे आधीची आहे. हवाई दलाने १९९४ मध्ये केलेल्या चौकशीनुसार ते अवशेष 'प्रोजेक्ट मोगल'मधील फुग्यांच्या माळेचे होते. सोव्हिएत अणुस्फोटांचे ध्वनितरंग वातावरणाच्या वरच्या थरात टिपता यावेत, यासाठी ती सोडली जात असे. 'हवामानाचा फुगा' हे १९४७ मधले अधिकृत स्पष्टीकरण अपुरे होते, हे खरे. पण जे दडवले गेले ते हेरगिरीचे साधन होते.

साक्षेप

गगनवेध यांच्या प्रतिसादाशी मी बहुतांशी सहमत आहे, तथापि एका ठिकाणी सावध राहावे अशी विनंती करतो. १९५० च्या दशकाचा उत्तरार्ध आणि १९६० चे दशक या काळातील उडत्या तबकड्यांच्या नोंदींपैकी निम्म्याहून अधिक नोंदी यू-२ आणि त्यानंतरच्या हेरविमानांमुळे झाल्या, असे सीआयएच्या इतिहासलेखनात म्हटले आहे आणि ते वाक्य सर्वत्र उद्धृत होते. हा दावा मला पुराव्यापेक्षा मोठा वाटतो. ब्लू बुक प्रकल्प १९६९ मध्ये बंद झाला तेव्हा त्याच्याकडे १२,६१८ नोंदी जमा होत्या आणि त्यांपैकी ७०१ नोंदींचा उलगडा झालेला नव्हता. त्या नोंदी देशभरातून आलेल्या होत्या. केनेथ अरनॉल्ड यांनी वॉशिंग्टन राज्यातील रेनियर पर्वताजवळ नऊ वस्तू पाहिल्याचे सांगितले ते १९४७ मध्ये. अमेरिकेच्या राजधानीवरील आकाशात रडारवर खुणा उमटल्या आणि वृत्तपत्रांत गदारोळ झाला तो १९५२ च्या जुलैमध्ये. तेव्हा यू-२ चा आराखडाही अस्तित्वात नव्हता.

हे सांगण्याचे कारण एवढेच की, आपण विद्यार्थ्याला पुरावा मागायचा आणि सीआयएचे सोयीचे विधान मात्र विनातपास स्वीकारायचे, असे केले तर तो ते लगेच ओळखेल आणि त्याचे ओळखणे रास्त असेल. ७०१ नोंदींचा उलगडा झाला नाही, याचा अर्थ त्यांबद्दलची माहिती अपुरी होती. त्यातून 'परग्रहवासी' निघत नाहीत, तसेच 'सगळी यू-२ होती' हेही निघत नाही.

लडाखबद्दल: कोंगका खिंडीखालील तळाच्या कथेला पुराव्याचा आधार मला कुठे आढळला नाही. मात्र सीमेवरील जवानांनी २०१२-१३ च्या सुमारास आकाशात वारंवार प्रकाशमान वस्तू पाहिल्या आणि त्यांची रीतसर नोंद केली, हे खरे आहे. त्या चीनच्या टेहळणी ड्रोन असाव्यात अशी शंका होती. बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेतील शास्त्रज्ञांनी अभ्यास केल्यावर त्या वस्तू म्हणजे गुरू आणि शुक्र असल्याचा निष्कर्ष निघाला. उंचावरील विरळ, स्वच्छ हवेत ग्रह किती तेजस्वी दिसतात हे ज्यांनी अनुभवले आहे, ते त्या जवानांना दोष देणार नाहीत. सावधपणे पाहणे आणि नोंद करणे हेच त्यांचे काम होते.

लोलक

मी रसायनशास्त्राचा अभ्यासक असल्याने केवळ लझार यांच्याविषयी लिहितो. १९८९ मध्ये लास व्हेगासच्या एका दूरचित्रवाणी वाहिनीवर, आधी चेहरा झाकून आणि नंतर उघडपणे, त्यांनी सांगितले की ग्रूम लेकच्या दक्षिणेला पापूस लेकजवळ 'एस-४' नावाच्या ठिकाणी आपण परग्रहावरील यानांच्या चालनयंत्रणेचा अभ्यास केला आणि त्यांचे इंधन म्हणजे अणुक्रमांक ११५ असलेले मूलद्रव्य होते. त्या वेळी हे मूलद्रव्य कोणी बनवलेले नव्हते. पुढे २००३ मध्ये रशियातील दुब्ना येथे रशियन आणि अमेरिकी शास्त्रज्ञांनी ते निर्माण केले आणि २०१६ मध्ये त्याला मॉस्कोव्हियम हे नाव मिळाले. लझार यांचे समर्थक याला भाकीत खरे ठरल्याचा पुरावा मानतात.

परंतु ११५ व्या घराची जागा आवर्तसारणीत आधीपासूनच होती. त्या परिसरात तुलनेने स्थिर अणुकेंद्रांचे एक 'बेट' असावे, ही कल्पना १९६० च्या दशकापासून शास्त्रज्ञांमध्ये चर्चेत होती. अशा मूलद्रव्याचे नाव घेण्यासाठी परग्रहाचे यान पाहिलेले असण्याची गरज नव्हती. लझार यांनी जे खरोखर वेगळे सांगितले ते असे, की हे मूलद्रव्य स्थिर असून त्याचा साठा करता येतो. प्रत्यक्षात त्याची आजवर मिळालेली सर्व समस्थानिके एका सेकंदाच्या आत-बाहेर नष्ट होतात. अधिक न्यूट्रॉन असलेले समस्थानिक अधिक टिकेल, असे कोणी म्हणू शकेल. तसे असल्यास त्याचा नमुना दाखवणे ही म्हणणाऱ्याची जबाबदारी आहे.

एमआयटी आणि कॅलटेक येथे आपण शिकलो, असे ते सांगतात, पण त्या दोन्ही संस्थांकडे त्यांची नोंद नाही. लॉस अलामॉस प्रयोगशाळेच्या दूरध्वनी पुस्तिकेत त्यांचे नाव आहे हे समर्थकांचे म्हणणे खरे आहे, मात्र ते नाव बाहेरच्या कंत्राटदार कंपनीचा कर्मचारी म्हणून आहे. विद्यार्थ्याला दोन्ही बाबी सांगाव्यात.

जिज्ञासा_प

सर्वांचे मनापासून आभार. सूर्यास्त आणि उंची यांचे गणित मी पुढच्या आठवड्यात वर्गात नक्की घेईन. एक उपप्रश्न मनात आला आहे. खरी विमाने लपवण्यासाठी सरकारने परग्रहवासीयांच्या अफवा स्वतःच पसरवल्या, असे झाले असेल का? आणि तसे असेल तर त्यात कोणाचे नुकसान झाले?

उत्तररात्र

मी बरीच वर्षे नेवाडात राहतो. आपल्या उपप्रश्नाचा दुसरा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून पहिल्या भागाचे उत्तर आधी देतो. २०२५ च्या जूनमध्ये 'वॉल स्ट्रीट जर्नल'ने असे वृत्त दिले की, पेंटागॉनच्या अंतर्गत तपासात हवाई दलाच्या एका निवृत्त कर्नलने कबुली दिली होती: १९८० च्या दशकात त्याने एरिया ५१ जवळच्या एका बारमालकाला उडत्या तबकड्यांची बनावट छायाचित्रे दिली आणि त्यामागचा हेतू गुप्त विमानांवरचे लक्ष हटवण्याचा होता. म्हणजे निदान एका प्रसंगी तरी अफवेचे बी सरकारी हातांनी पेरले गेले, असे त्या वृत्तावरून दिसते. सगळी दंतकथा सरकारने रचली, असे मात्र त्यावरून म्हणता येणार नाही.

नुकसानीचे म्हणाल तर सुरुवात तळाच्या पहिल्याच वर्षी झाली. १७ नोव्हेंबर १९५५ रोजी कर्मचाऱ्यांना तळावर घेऊन जाणारे लष्करी विमान चार्ल्सटन पर्वतावर कोसळले आणि त्यातील १४ जण मृत्युमुखी पडले. आपली माणसे कोणत्या कामासाठी निघाली होती, हे त्यांच्या कुटुंबीयांना कित्येक दशके कळले नाही.

त्याहून अधिक बोलण्यासारखा विषय १९९४ च्या खटल्याचा आहे. तळावर काम केलेल्या काही कामगारांनी आणि दोन मृत कामगारांच्या पत्नींनी, हेलन फ्रॉस्ट आणि स्टेला काझा यांनी, सरकारला न्यायालयात खेचले. गुप्त विमानांच्या बांधणीत वापरलेली रसायने व लेपद्रव्ये उघड्या खंदकांत टाकून जाळली जात, त्या धुराने आम्हाला कातडीचे आणि श्वसनाचे विकार जडले, आणि घातक कचऱ्याबद्दलचा देशाचा कायदा या तळाला लागू व्हायला हवा, असे त्यांचे म्हणणे होते. कामगारांनी खरी नावे उघड केली नाहीत, कारण तळाविषयी बोलणे हाच गुन्हा ठरण्याची भीती होती. त्यांचे वकील प्राध्यापक जोनाथन टर्ली यांच्या कार्यालयालाही न्यायालयाच्या आदेशाने मोहोर लावली गेली. खटल्यामुळे पर्यावरण संरक्षण संस्थेला तळाची तपासणी करावी लागली, पण १९९५ च्या सप्टेंबरमध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी ग्रूम लेकजवळील या कार्यस्थळाची गोपनीय माहिती उघड करण्याच्या कायदेशीर बंधनातून त्याला सूट दिली आणि पुढे त्या सुटीचे वर्षानुवर्षे नूतनीकरण होत राहिले. सरकारने राष्ट्रीय गुपिताचा विशेषाधिकार पुढे केला, १९९८ मध्ये अपील न्यायालयाने तो मान्य केला आणि सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिला. आपण नेमके काय हुंगले, हे कामगारांना उपचारासाठीसुद्धा कळू शकले नाही.

हा खटला चालू होता त्याच काळात, १९९६ मध्ये, नेवाडा राज्याने तळाशेजारून जाणाऱ्या ३७५ क्रमांकाच्या रस्त्याला परग्रहवासीयांचा महामार्ग असे अधिकृत नाव दिले. २०१९ मध्ये तळावर धडक मारण्याच्या फेसबुकवरील हाकेला वीस लाखांहून अधिक लोकांनी होकार नोंदवला. प्रत्यक्षात काही हजार लोक आसपासच्या गावांत जमले आणि फाटकापर्यंत थोडेच पोहोचले. फ्रॉस्ट आणि काझा ही नावे त्यांच्यापैकी कितीजणांनी ऐकली असतील, असा प्रश्न मला तेव्हा पडला होता आणि आजही पडतो.

तेव्हा आपल्या विद्यार्थ्याचा संशय मोडून काढू नका, त्याला दिशा द्या असे सुचवतो. 'काझा विरुद्ध ब्राउनर' हा १९९८ चा निकाल सर्वांना वाचण्यासाठी खुला आहे. तो विद्यार्थ्याला वाचायला द्यावा आणि गुप्ततेच्या आड नेमके काय झाकले गेले, कोणाच्या सोयीसाठी झाकले गेले, हे त्यालाच शोधून वर्गापुढे मांडायला सांगावे. कायद्याची परिभाषा अडली तर येथे जरूर विचारावे. निकालातील संबंधित परिच्छेदांचा मराठीत सारांश करून देण्याची माझी तयारी आहे.