अनुभव धागा : गावठाणातून चालता चालता पाहिलेली जुनी घरं

ओसरीकर

दिवाळीत वाशिम जिल्ह्यातल्या कारंजा लाडला बहिणीकडे मुक्काम होता. सकाळचा चहा झाला की मी जुन्या वस्तीत पायी निघायचो. दारव्हा वेस, मंगरूळ वेस ही नावं अजून लोकांच्या तोंडी आहेत. बाहेरून आलेली बहुतेक मंडळी गुरुमंदिरात दर्शन घेतात आणि तशीच परततात. नृसिंह सरस्वतींचं जन्मगाव, त्यामुळे साहजिकच आहे. पण काष्ठासंघाच्या जैन मंदिरातलं लाकडी कोरीवकाम पाहून मग गल्ल्यांत शिरावं, म्हणजे घरांच्या चौकटींकडे नजर आपोआप जाते.

एका दारापाशी मी बराच वेळ थांबलो. सागवानी दार, वर गणेशपट्टी. ऑइलपेंटचे थर इतके की गणपतीची सोंड बुजत आलेली. कडी मात्र वर्षानुवर्षं हलून लाकडात अर्धगोल खाच पडलेली, आणि त्या खाचेत हिरव्याखाली निळा, निळ्याखाली पिवळा, असे सगळे रंग दिसत होते. आतून आजी म्हणाल्या, "दार इकायचं नाही, बाबू."

पुण्याच्या वाड्यांबद्दल खूप वाचायला मिळतं, आपल्या विदर्भातल्या घरांबद्दल फार कमी. म्हणून हा धागा. राजवाडेच पाहिजेत असं नाही. कुडाचं घरही चालेल.

धाब्यावरचा

मी सिंदखेड राजाच्या बाजूचा. 12 जानेवारीला लखुजी जाधवांच्या वाड्यासमोर पाय ठेवायला जागा नसते, त्या दिवशी दर्शन होतं, वाडा पाहणं होत नाही. एरवीच्या दिवशी या. महाद्वारातून जिजाऊंचं जन्मस्थान पाहा आणि मग मागच्या आळीत शिरा, कारण आमच्याकडचं खरं बांधकाम तिथे आहे. धाब्याची घरं. तुळयांवर किलचन, म्हणजे जवळजवळ रचलेली आडवी लाकडं, त्यावर पाला, आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. ही माती जुन्या गावठाणातली लागते. शेतातली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, ती छतावर घातली तर पहिल्याच पावसाळ्यात घरात धार लागते. पाणी वाहून जायला जेमतेम उतार आणि भिंतीबाहेर काढलेली पन्हाळ. आजीकडे उजेडासाठी छताला साणं, म्हणजे झरोका होता, पाऊस आला की कुणीतरी धावत जाऊन त्यावर घमेलं पालथं घालायचं. हे काम नेहमी सगळ्यात लहान पोराकडे, म्हणजे माझ्याकडे.

कुरड्या, पापड, मिरच्या वाळवायला आणि रात्री झोपायला धाब्यासारखी जागा नाही. स्लॅब रात्री दहालाही तापलेला असतो.

झाडीपट्टीतली

धाबं आमच्याकडे टिकलंच नसतं, वाहून गेलं असतं! भंडारा-गोंदियात पाऊस पश्चिम विदर्भापेक्षा कितीतरी जास्त, म्हणून छपरं उतरती आणि कवेलूची, म्हणजे मातीच्या कौलांची. कुंभार चाकावर लांब नळी काढतो, ओली असतानाच तिला उभी चिरतो, की दोन कवेलू तयार. पवनीला किल्ल्याच्या दरवाजातून आत आलं की वैनगंगेच्या घाटाकडे जाताना अशी छपरं अजून दिसतात, फक्त दर वर्षी कमी होत जातात. याला कारण आधुनिकता वगैरे काही नाही, वानरं आहेत. टोळी एकदा घरावरून उड्या मारत गेली की शेपन्नास कवेलू फुटलेच. पावसाळ्याआधी घर फेरायला, म्हणजे कवेलू उतरवून पुन्हा नीट रचायला, माणूस मिळत नाही, कुंभारानं काम सोडलेलं. मग लोक टिना टाकतात. मे महिन्यात टिनाखाली बसून पाहा, मग कळतं काय गमावलं ते. माझ्या माहेरी आतल्या खोलीत धानाची शेणानं लिपलेली बांबूची ढोली होती, तिला टेकून बसलं तरी गार वाटायचं.

निवृत्त ओव्हरसियर

घराचं वय ओळखायची माझी पद्धत सांगतो. आधी लोखंड पाहायचं. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे 1861 ते 1865 या काळात तिकडचा कापूस बंद पडला, इथल्या कापसाला भाव आला आणि वऱ्हाडात पैसा खेळला. 1867 मध्ये रेल्वे नागपूरला पोचली, 1870 मध्ये खामगावचा फाटा सुरू झाला. ओतीव लोखंडाचे कठडे, लोखंडी तीर (तुळया), मंगलोरी कवेलू खेड्यापाड्यांत पोचले ते रेल्वेनंतर. तेव्हा खाली सागाचे खांब नि त्यांच्या बुडाशी दगडी तळखडे, आणि वर माडीला नक्षीचा लोखंडी कठडा असेल, तर माडी बहुधा कापसाच्या पैशातून नंतर चढवलेली. अपवाद असतात.

दुसरं म्हणजे पाया. काळ्या जमिनीत जुने लोक मुरूम लागेपर्यंत खणत. आताची घरं दोन-तीन फुटांवर उभी राहतात आणि मग भिंतीला आडव्या-तिडव्या भेगा. दोष मातीचा नाही.

बंडीवाला

तुमचं सगळं बराबर हाये, पण आमी त्याच घरात राह्यतो. वाडा चार भावाईत वाटला, ढेलजीच्या, म्हंजे दारातल्या ओसरीच्या, मधातून भिंत गेली. लोकं येतात, फोटो काढतात, 'जपून ठेवा' म्हणतात. जपाले पैसे कोन देते बाप्पा? म्यालीले (मोठ्या तुळईले) उदई, म्हंजे वाळवी लागली, सुतार भेटत नाही. मांगं एक जन ट्रक घिऊनच आला. म्हने खांब इकता काय, शयरातल्या हाटेलात लावतो. मोठ्या भावानं त्याच्या वाट्याचे इकले, तिथं आता शिमिटाचे पिल्लर हायेत. मी नाही इकले. एका खांबाले आबाजीनं अंगातली बंडी टांगाले ठोकलेला खिया अजून हाये, माहा शर्टबी तिथंच असते.

ओसरीकर

भाऊ, तुमचा राग पटतो. खांब विकणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही, ट्रक घेऊन येणाऱ्याला ठेवीन.

वर्धेकर

कुडाचं घरही चालेल म्हणालात म्हणून लिहितो. सेवाग्रामची बापू कुटी मुळात मीराबेननी स्वतःसाठी बांधली होती. माती, बांबू, कवेलू, बस. भिंतीवर त्यांनी मातीतच उठवलेला चरखा आणि ताडाची झाडं आहेत. सकाळचं तिरपं ऊन आलं तर नीट दिसतात. घाईत पाहणाऱ्यांना फक्त बोर्ड दिसतो.

माजघरातून

आमचाही वाडा आहे, अचलपूरकडे. पाहायला जरूर या, पण दुपारी एक ते चार नको, तेव्हा घरातल्या बायका ढेलजीत आडव्या झालेल्या असतात आणि तिथूनच आत यावं लागतं. बाहेरून "काकाजी, घरी आहात का?" अशी हाक द्या, नुसता मोबाइल वर करून उभे राहू नका. चहाला नाही म्हणू नका आणि पुढची बस गाठायची घाई ठेवू नका. सासूबाई वाडा दाखवायला बळदापासून (धान्याच्या कोठारापासून) सुरुवात करतात.