पटेलभाईंच्या पॅनेलचा शिक्का युरोपच्या २७ देशांत चालतो, मग माझ्या ट्रायकोडर्माला अडवतात का?

वाघोडियाकर (बडोदा)

मंडळी, वाघोडिया जीआयडीसीत माझं छोटं युनिट आहे. अकरा वर्षं ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगाच्या बुरशीला रोखणारी मित्रबुरशी, बनवतो, टाल्कच्या भुकटीवर, किलोच्या पाकिटात. पादऱ्याचे भाजीवाले आणि करजणचे कापूसवाले हे माझं बांधलेलं गिऱ्हाईक. मर, मूळकूज, रोपं कोलमडणं यावर नेतात, शेणखतात मुरवून शेतात टाकतात. ग्रॅमला किमान २० लाख सीएफयू (वाढू शकणारे जिवंत कण) हवेत असा आपला नियम आहे. दर बॅचची मोजणी बायको स्वतः करते, ती मायक्रोबायॉलॉजीची. आकडा कमी आला तर बॅच आम्ही विकत नाही, मग सीझन कितीही तेजीत असो.

मावसभावाचा मुलगा नेदरलँड्सला टोमॅटोच्या ग्रीनहाउसवर नोकरीला आहे. दिवाळीत दांडिया बाजारातल्या घरी आला होता. म्हणाला, काका, आमच्याकडे एकेक रसायन बंद होत चाललंय, तुमचा माल पाठवून बघा. मी एका सल्लागाराला गाठलं. तो म्हणाला, एका देशाची परवानगी काढली की सगळा युरोप आपोआप उघडतो. त्याची फी भरली, पाच किलो सॅम्पल पाठवलं. ते तिकडच्या कस्टम्सने अडवलं आणि नष्ट केलं. सल्लागार आता फोन उचलत नाही.

शेजारच्या शेडमध्ये पटेलभाई सोलर ड्रायरचे कंट्रोल पॅनेल बनवतात. टेस्ट रिपोर्ट, टेक्निकल फाइल, स्वतःच्या सहीचं डिक्लेरेशन आणि वर सीई मार्क, म्हणजे युरोपचा सुरक्षेचा शिक्का. जो माल इटलीला गेला तोच पोलंडला गेला, एक कागद बदलावा लागला नाही. त्यांचं भलं झालं याचा मला आनंदच आहे. पण दोघांचाही माल विषारी फवारणी आणि डिझेल कमी करणारा, बाजारही एकच, मग माझ्याच पाकिटाला दर देशात वेगळं दार का? पैसे गेले ते गेले. मला हे नीट समजून घ्यायचंय.

कारेलीबागच्या ताई

वाघोडियाकर, मी २६ वर्षं अंकलेश्वरला कीटकनाशकांच्या नोंदणीचं काम केलं. तुमच्या सल्लागाराने अर्धंच सांगितलं, आणि जे सांगितलं नाही तेच महत्त्वाचं होतं.

पॅनेल कुठेही बसवलं तरी त्याचा धोका सारखाच. शॉक बसेल का, आग लागेल का, हे मुख्यतः बघायचं, म्हणून बनवणाऱ्याच्या स्वतःच्या डिक्लेरेशनवर भागतं. तुमचं पाकीट मातीत जातं. माती, पाऊस, भूजल दर ठिकाणी निराळं. म्हणून तिकडचा २००९ चा ११०७ नंबरचा कायदा काम दोन टप्प्यांत वाटतो. मूळ घटक मंजूर होतो तो सगळ्या युरोपसाठी एकदाच. त्याची तपासणी इटलीतल्या पार्मा इथल्या एफ्सा या संस्थेमार्फत होते. त्यापासून बनवलेलं, लेबल लावलेलं उत्पादन मात्र दर देश स्वतः मंजूर करतो. त्यासाठी उत्तर, मध्य आणि दक्षिण असे तीन झोन केलेत. एका देशाने तपासलं की झोनमधल्या बाकीच्यांनी तेच मूल्यमापन धरून १२० दिवसांत निर्णय द्यायचा, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा सर्रास चुकतात, आणि देशाला स्वतःच्या हवामानाचं कारण देऊन अटी घालता येतात, नकारही देता येतो.

आता तुमच्या कामाची गोष्ट. बंदिस्त ग्रीनहाउस, बीजप्रक्रिया, काढणीनंतरची प्रक्रिया आणि रिकामी गोदामं, एवढ्यांसाठी सगळा युरोप हा एकच झोन धरतात. काचेच्या आत पाऊस नाही, म्हणून सीमाही नाही! तुमचा पुतण्या ग्रीनहाउसमध्येच आहे ना? (आपली शेडनेट मात्र त्यात बसत नाही, सगळीकडून बंद असलेलं कायमचं बांधकाम हवं.)

पण त्याआधी एक सांगा. स्ट्रेन, म्हणजे त्या बुरशीचा नेमका वाण, कोणाचा? तिकडे 'ट्रायकोडर्मा' मंजूर होत नाही, ट्रायकोडर्माचा अमुक एक स्ट्रेन मंजूर होतो. त्याच जातीचा दुसरा स्ट्रेन असला तरी फाइल वेगळी.

निफाडचा बागायतदार

ताईंनी छान सांगितलं. मी द्राक्षवाला, मला या कायद्याची दुसरी बाजू माहीत आहे. फवारायला काय विकायचं ते देशोदेशी वेगळं, पण फळावर किती उरलं चालेल तो आकडा २००८ पासून सगळ्या युरोपात एकच आहे. ज्या औषधाला स्वतंत्र मर्यादा ठरलेली नाही त्याला किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम. म्हणजे शंभर टन द्राक्षांत एक ग्रॅम. २०१० साली सीसीसीने, म्हणजे क्लोरमेक्वाटने, आमचे कंटेनर अडकले तेव्हा हा हिशेब मी पहिल्यांदा कागदावर मांडला. ते वाढरोधक आम्ही वर्षानुवर्षं वापरत होतो, तोपर्यंत कोणी विचारलंच नव्हतं. त्या वर्षी आमच्या गल्लीत किती घरांत चूल पेटणं जड झालं ते मी पाहिलंय.

म्हणून तुमच्यासारखे लोक टिकायला हवेत असं मला मनापासून वाटतं. बऱ्याच जैविक बुरशींना युरोपात ही मर्यादाच लावत नाहीत. आमच्यासाठी केवढी मोठी गोष्ट आहे ती.

इंदूरचा कृषी केंद्रवाला

युरोप राहू द्या, तुमचं पाकीट मला इंदूरला ठेवायचं म्हटलं तरी काय लागतं बघा. सीआयबीची, म्हणजे केंद्राच्या कीटकनाशक मंडळाची, नोंदणी अख्ख्या देशाला एकच, फरीदाबादहून. पण विक्रीचा परवाना राज्याचा. तुमच्या कंपनीची पीसी (प्रिन्सिपल सर्टिफिकेट, विकायला दिलेलं संमतिपत्र) माझ्या परवान्यावर चढल्याशिवाय मी पाकीट काउंटरवर ठेवू शकत नाही. मागे सांवेरच्या एका बटाटेवाल्याला ट्रायकोडर्मा हवं होतं. कंपनी गुजरातची, पीसी चढेपर्यंत लागवड उरकली होती. १ जुलै २०१७ पासून कर एक झाला, परवाने राहिले तसेच. माल खात्रीचा असेल तर मी पीसी चढवायला तयार आहे, मेसेज करा.

वाघोडियाकर (बडोदा)

सगळ्यांचे आभार. ताई, तुमचा प्रश्न वर्मी लागला. स्ट्रेन माझा नाही. एका कृषी विद्यापीठाकडून मदर कल्चर (मूळ बुरशी) घेतलं, त्यावरच नोंदणी केली, त्यावरच अकरा वर्षं चाललं. सल्लागाराने हे एकदाही विचारलं नाही.

अजून एक. इथे ट्रायकोडर्मा जैवउत्तेजक (पिकाची वाढ सुधारणारं) म्हणूनही विकलं जातं. तिकडे त्या दाराने गेलो तर?

कारेलीबागच्या ताई

ते दार बंद आहे. २०१९ च्या १००९ नंबरच्या खत कायद्याखाली सीई मार्क मिळाला की तो माल सगळ्या २७ देशांत चालतो, अगदी पटेलभाईंसारखा. पण जिवाणू-बुरशींच्या यादीत चौघेच आहेत: अझोटोबॅक्टर, रायझोबियम, अझोस्पिरिलम आणि मायकोरायझा. ट्रायकोडर्मा नाही. शिवाय 'मर रोग थांबवतो' असं लिहिलंत की ते पीकसंरक्षणच झालं.

निराश होऊ नका. तुमच्याच शिवारातून स्वतःचा स्ट्रेन वेगळा करा. वहिनी मायक्रोबायॉलॉजीच्या आहेत, निम्मं काम घरातच आहे. चाचण्या इथल्या जीएलपी (ठरलेल्या प्रमाणित पद्धतीने चाचण्या करणाऱ्या) लॅबमध्ये करून घ्या. २०११ पासून भारत ओईसीडी या देशांच्या संघटनेच्या परस्पर मान्यतेच्या व्यवस्थेत आहे, त्यामुळे इथल्या जीएलपी चाचण्या तिकडे पुन्हा कराव्या लागत नाहीत. गुजरातेतच अशा लॅब आहेत. खर्च मोठाच आहे, तो एकट्याने उचलायचा विचार करू नका. तिकडचा भागीदार शोधा, पण जिवंत स्ट्रेन संशोधनासाठी परदेशी कंपनीच्या हाती देण्याआधी चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी घ्या. आणि पुतण्याला सांगा, तोवर कुरियरने काही मागवू नकोस.

वाघोडियाकर (बडोदा)

पुतण्याला कालच फोन केला, त्याला सगळं पटलं. इंदूरवाल्या दादांना मेसेज टाकलाय. पादऱ्याच्या एका वांग्याच्या शेतात मर रोगाने सगळं गेलं, पण मधल्या दोन ओळी हिरव्या राहिल्या होत्या. त्या झाडांच्या मुळांजवळची माती बायकोने आज आणली, बुरशी वाढवायला प्लेट्स लावल्यात. त्यातून काही हाती लागलं तर कल्चर चंडीगढच्या एमटीसीसी या सूक्ष्मजीव संग्रहात जमा करायचंय. त्यांचा फॉर्म आणि फी याचा ताजा अनुभव कोणाला आहे का?