प्रकाशानंच अणूची लेव्हल सरकते, मग अणुघड्याळावर भरवसा कसा ठेवायचा?

जुळेसोलापूर_एमएस्सी
नमस्कार मंडळी, मी सोलापुरातच एमएस्सी फिजिक्स करते, पुढच्या महिन्यात सेमिनार आहे आणि विषय घेतलाय लाईट शिफ्ट. आता अडचण अशी की सेकंदाची व्याख्या १९६७ पासून सिझियम-१३३ च्या ९,१९,२६,३१,७७० कंपनांवर उभी आहे, म्हणजे अणूच्या दोन लेव्हलमधलं (ऊर्जेच्या पायऱ्यांमधलं) अंतर कायम पक्कं असं आपण धरतो. पण अणूवर प्रकाश टाकला की त्या लेव्हलच सरकतात म्हणे, आणि प्रकाश टाकल्याशिवाय तर अणू थंडही करता येत नाही न वाचताही येत नाही. मग आपण मोजतोय ते अणूचं की आपल्याच लेझरचं? आणि हेच ते हायझेनबर्गवालं, मोजायला गेलं की बिघडतं, ते आहे का? वर्गात विचारलं तर अर्धे जण हो म्हणतात अर्धे नाही.

यार्डातला_फिजिक्सवाला
लई भारी प्रश्न. हायझेनबर्ग बाजूला ठेव आधी. लाईट शिफ्टमध्ये अनिश्चित असं काही नाही, लेझरचं विद्युतक्षेत्र हेलकावतं, त्यानं अणूत डायपोल तयार होतो (धन अन् ऋण भार किंचित बाजूला सरकतात), तो डायपोल त्याच क्षेत्रात असल्यामुळं लेव्हलची ऊर्जा थोडी बदलते, बस. किती बदलते ते इंटेन्सिटीच्या प्रमाणात, आणि लेझर रेझोनन्सपासून, म्हणजे अणू ज्या फ्रिक्वेन्सीला प्रकाश शोषतो तिच्यापासून, जितका लांब तितकी कमी. लेझर रेझोनन्सच्या खालच्या बाजूला असला तर खालची लेव्हल अजून खाली जाते, वरच्या बाजूला असला तर वर सरकते. हिशोबात बसणारी गोष्ट आहे. आपल्या मार्केट यार्डात कांद्याच्या पोत्याचं वजन करताना बारदान वजा करतात ना, तसं. बारदान किती ग्रॅमचं ते माहीत असलं की कुणाचं काही अडत नाही, भांडण लागतं ते एक पोतं कोरडं अन् एक ओलं असलं की. घड्याळवाल्यांची खरी डोकेदुखी तीच आहे, शिफ्ट आहे याची नाही तर ती हलती आहे याची.

सिझियम फाउंटनमध्ये, म्हणजे अणू कारंज्यासारखे वर उडवणाऱ्या घड्याळात, तर सरळ उपाय आहे, अणू वर उडवले की लेझर शटर लावून बंद, अंधारात मायक्रोवेव्हनं मोजायचं, आणि अणू खाली आले की मग परत लेझर लावून वाचायचं. प्रकाश लागतो पण मोजायच्या वेळेला नाही. फक्त शटरमधून चुकार प्रकाश झिरपू नये एवढं बघावं लागतं.

होटगीरोड_मास्तर
पोरी, यात जुना इतिहास पण सेमिनारला घाल. १९६१ साली पॅरिसमध्ये कास्लरांच्या प्रयोगशाळेत कोहेन-तानुजींनी ही शिफ्ट पाऱ्याच्या अणूंवर दाखवली, आणि लेझर नाही, साध्या डिस्चार्ज दिव्यानं! शिफ्ट जेमतेम एखाद्या हर्ट्झएवढी. एवढीशी सरक दिव्याच्या उजेडात पकडायची म्हणजे काय चिकाटी असेल बघ. १९९७ ला लेझरनं अणू थंड करण्यासाठी ज्यांना नोबेल मिळालं त्यात तेच आहेत.

आणि रुबिडियम घड्याळ विसरू नको, उपग्रहांवर तेच जास्त असतं, आपल्या २०२३ च्या एनव्हीएस-०१ या दिशादर्शक उपग्रहावर तर भारतात बनवलेलं बसवलंय. जुन्या पद्धतीच्या रुबिडियम घड्याळात दिवा मोजमाप चालू असतानाही पेटलेलाच राहतो, त्यामुळं दिवा जुना होऊन उजेड बदलला की फ्रिक्वेन्सी पण हळूच सरकते. रुबिडियम-८७ च्या दिव्याचा प्रकाश रुबिडियम-८५ च्या वाफेतून गाळून घेतात, नको तो रंग तिथंच शोषला जातो, आणि ते गाळणं नीट जमवून शिफ्ट पण बरीच कमी करता येते. मला ही युक्ती फार आवडते, निसर्गानं दोन समस्थानिकांच्या रेषा इतक्या सोयीच्या ठेवल्यात.

जुळेसोलापूर_एमएस्सी
सर खूप आभार, हे लिहून घेतलं. पण स्ट्रॉन्शियमच्या लॅटिस घड्याळात अणू प्रकाशाच्याच सापळ्यात असतात ना, तिथं शटर कसं लावणार? बंद केलं तर अणूच खाली पडतील.

यार्डातला_फिजिक्सवाला
तिथंच तर जपानच्या हिदेतोशी कातोरींची कल्पना येते, २००१ ची. सापळा म्हणजे शिफ्टच आहे, ती घालवता येत नाही, मग दोन्ही लेव्हल सारख्याच सरकतील असा रंग शोधायचा. स्ट्रॉन्शियमला तो ८१३.४ नॅनोमीटरला सापडतो, त्याला मॅजिक वेव्हलेंथ म्हणतात. दोन्ही पारड्यांत सारखंच बारदान, म्हणजे वजा करायची भानगडच नाही. आता आकडा बघ, शंभर रिकॉइल खोलीचा सापळा घेतला (रिकॉइल म्हणजे एका फोटॉनच्या धक्क्यानं अणूला मिळणारी ऊर्जा) तर प्रत्येक लेव्हल साडेतीनशे किलोहर्ट्झच्या आसपास सरकते, आणि घड्याळाची फ्रिक्वेन्सी ४२९ टेराहर्ट्झ, तिच्यात १०चा उणे १८ वा घात गाठायचा तर चूक ०.४३ मिलिहर्ट्झच्या आत हवी. म्हणजे दोन शिफ्ट एकमेकींना ८० कोटीत एक भाग इतक्या नेमक्या खायला पाहिजेत. आणि या पातळीला इंटेन्सिटीच्या वर्गावर जाणारी बारीक शिफ्ट पण डोकं वर काढते, नुसती सरळ रेष पुरत नाही.

सातरस्ता_९०
मला एक सांगा, लेझर सगळे बंद केले तरी गरम भांड्याच्या भिंतीतून उष्णतेचं रेडिएशन येतंच ना, त्यानं पण शिफ्ट होईल? आपल्या सोलापूरच्या मे महिन्यात घड्याळ ठेवलं तर?

होटगीरोड_मास्तर
होते, अगदी बरोबर पकडलंस. २७ डिग्रीला स्ट्रॉन्शियमची ती शिफ्ट सव्वादोन हर्ट्झच्या पुढंच असते. ती तापमानाच्या चौथ्या घातावर वाढते, तेव्हा २७ डिग्री म्हणजे ३०० केल्विनवरून ४४ डिग्री म्हणजे ३१७ वर गेलं की जवळजवळ २५ टक्के वाढ. म्हणून तर तिथं भिंतीचं तापमान डिग्रीच्या बारीक अंशापर्यंत सांभाळतात.

हुतात्माबाग_क्वांटम
यार्डवाल्या दादांचं बाकी सगळं पटलं पण हायझेनबर्ग एकदम बाजूला ठेवा हे नाही पटलं. एक तर शिफ्टसोबत अणू थोडे फोटॉन विखुरतोच, आणि ते विखुरणं खरंच सुपरपोझिशन, म्हणजे अणूचं एकाच वेळी दोन्ही लेव्हलमध्ये असणं, मोडतं. लेझर लांब नेऊन पॉवर वाढवली तर शिफ्ट तेवढीच राहून विखुरणं कमी होतं कारण ते डिट्यूनिंगच्या (रेझोनन्सपासूनच्या अंतराच्या) वर्गानं घटतं, पण शून्य कधीच होत नाही. दुसरं म्हणजे सर्ज आरोशांचा पॅरिसचा प्रयोग बघा, २००७ चा. नायोबियमचा थर दिलेले दोन आरसे, मधे ५१ गिगाहर्ट्झचा एक फोटॉन, तो सरासरी ०.१३ सेकंद टिकतो. त्यातून रुबिडियमचे फुगवलेले (खूप वरच्या लेव्हलला नेलेले) अणू एकेक करून सोडतात, अणू फोटॉन गिळत नाही, फक्त अणूची लेव्हल सरकते आणि फेज (कंपनाचा टप्पा) बदलते, ती फेज रॅम्सी पद्धतीनं, म्हणजे मायक्रोवेव्हचे दोन झटके थोड्या अंतरानं देऊन, वाचायची, म्हणजे अणुघड्याळाचीच पद्धत. घड्याळ किती सरकलं यावरून आत फोटॉन आहे की नाही ते कळतं! पण फोटॉनची संख्या कळली की त्या क्षेत्राची फेज पुसली जाते, म्हणजे मोजण्याची किंमत मोजावी लागतेच. ताई तुमच्या वर्गातले दोन्ही गट अर्धे अर्धे बरोबर आहेत.

यार्डातला_फिजिक्सवाला
मान्य, हे छान मांडलंत. घड्याळातल्या लेझरमध्ये फोटॉन इतके असतात की सरासरी शिफ्ट एक पक्का आकडा म्हणून घेता येते, एकेका फोटॉनवर आलं की मग तुमचं म्हणणं लागू.

जुळेसोलापूर_एमएस्सी
आता चित्र स्पष्ट झालं, सगळ्यांचे मनापासून आभार. वेळ १५ मिनिटं आहे, एकच ग्राफ दाखवायचा तर कुठला घेऊ?

होटगीरोड_मास्तर
आडव्या अक्षावर लेझरची इंटेन्सिटी, उभ्यावर घड्याळाची फ्रिक्वेन्सी. तीन रेषा काढ, मॅजिकच्या थोडी अलीकडे, थोडी पलीकडे आणि नेमकी मॅजिकवर. पहिल्या दोन विरुद्ध बाजूंना तिरक्या जातील, तिसरी आडवी, आणि तिन्ही शून्य इंटेन्सिटीला एकाच बिंदूत येतील. तो बिंदू म्हणजे अणूची स्वतःची फ्रिक्वेन्सी, आणि तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर तिथंच बोट ठेवून दाखव.